गर्ल गाइड्सच्या मुलींचा सत्कार कसा करावा?

प्रश्न: गर्ल गाइड्सच्या मुलींचा सत्कार करायचाय, पण तीच ती लांबलचक भाषणं नकोत. काय करता येईल?

रिप्लाय १: २२ फेब्रुवारीला ठेवा, वर्ल्ड थिंकिंग डे असतो त्यांचा, १९२६ला ठरलेला. आणि प्लीज सूत्रसंचालन मुलींनाच करू द्या.

रिप्लाय २: +१. खरं लीडरशिप ट्रेनिंग छोट्या गटात होतं, सहा-आठ जणी, लीडर त्यांच्यातलीच, कॅम्पमध्ये तंबू कुठे ठोकायचा, चूल कोण पेटवणार सगळं त्याच ठरवतात, मोठ्यांनी मध्ये पडायचं नाही. तेच स्टेजवर दाखवा ना!

रिप्लाय ३: इतिहासपण सांगा. १९०९ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्काउट मुलांच्या मेळाव्याला काही मुली न बोलावता आल्या, आम्हालाही घ्या म्हणाल्या आणि १९१०ला गर्ल गाइड्स सुरू झालं. जबरदस्त मुली होत्या!

प्रश्नकर्ती: मस्त! आधी मुलींनाच विचारते.