मदत हवी आहे: कॅलिब्रेशननंतरही पॅसिव्ह फिल्टरचे परावर्तन शून्य डेसिबलच्या वर दिसते

लघुलहर (धागाकर्ता)

नमस्कार. व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनालायझरवर (परत येणारा आणि पलीकडे जाणारा संकेत मोजणाऱ्या यंत्रावर) एका लो-पास फिल्टरची मोजणी करताना अडचण येत आहे. दोष यंत्राचा, कॅल किटचा (कॅलिब्रेशनच्या प्रमाण नमुन्यांच्या संचाचा) की केबलींचा, हे मला ठरवता येत नसल्याने सगळा तपशील येथे मांडतो.

फिल्टर पॅसिव्ह आहे, म्हणजे आत केवळ कॉइल आणि कपॅसिटर आहेत. त्याचा कटऑफ सुमारे ३ गिगाहर्ट्झला (त्याखाली पासबँड, त्यावर संकेत अडवणारा स्टॉपबँड) असून दोन्ही टोकांना एसएमए फिमेल कनेक्टर आहेत. यंत्र दोन पोर्टचे असून ८.५ गिगाहर्ट्झपर्यंत चालते. स्वीप १० मेगाहर्ट्झपासून ८.५ गिगाहर्ट्झपर्यंत, बिंदू २०१, आयएफ बँडविड्थ (प्रत्येक बिंदूवर यंत्र ऐकते ती वारंवारतेची पट्टी) १० किलोहर्ट्झ आणि पोर्टवरची पातळी शून्य डीबीएम आहे. प्रत्येक पोर्टला साधारण एक मीटरची केबल असून दोन्हींच्या टोकाला एसएमए मेल कनेक्टर आहे. ओपन (उघडे टोक), शॉर्ट (लघुपथित टोक), लोड (५० ओहमचा भार) आणि थ्रू (दोन पोर्टांची थेट जोडणी) वापरून मी पूर्ण दोन-पोर्ट कॅलिब्रेशन करतो. दोन मेल टोके थेट जोडता येत नसल्यामुळे थ्रूच्या पायरीला मध्ये एक फिमेल-फिमेल बॅरल लावतो.

कॅलिब्रेशन संपल्यावर तपासणीत सगळे उत्तम दिसते. लोड पुन्हा लावल्यास एस११ (पोर्ट १ वर परत येणारा संकेत) उणे ५५ डेसिबलच्या खाली जाते, शॉर्टवर स्मिथ चार्टमध्ये (परावर्तनाच्या वर्तुळाकार आलेखात) अगदी डाव्या टोकाला एक ठिपका दिसतो आणि बॅरल लावल्यास एस२१ (पोर्ट १ कडून पोर्ट २ कडे जाणारा संकेत) शून्यावर सरळ रेषेत राहते. मात्र फिल्टर जोडला की स्टॉपबँडमध्ये एस११ हळूहळू वरखाली होऊ लागते. ही डोलणी वारंवारतेबरोबर वाढत जाते आणि ६.५ गिगाहर्ट्झच्या आसपास आलेख शून्याच्या वर, अधिक ०.४ डेसिबलपर्यंत पोहोचतो. जितकी शक्ती आत गेली त्याहून अधिक परत येणे पॅसिव्ह वस्तूच्या बाबतीत शक्यच नाही, एवढे मला कळते. शिवाय पासबँडमधील एस२१ वर एक बारीक, दाट रिपल (लाटांसारखा चढउतार) आहे आणि केबल हलवली की तिचा आकार बदलतो. यंत्राच्या स्मृतीत अनेक कॅल किट आहेत, परंतु माझ्याजवळच्या किटचे नाव त्यांत नाही, म्हणून ‘आदर्श’ या नावाची नोंद निवडली आहे.

या दोन तक्रारींचे मूळ एकच असावे का? आणि यंत्र दुरुस्तीला पाठवण्याआधी काय तपासावे?

प्रतिबाधा

यंत्र कोठेही पाठवू नका. तुमच्या वर्णनावरून या दोन तक्रारींची मुळे वेगवेगळी दिसतात आणि बहुधा दोन्ही यंत्राच्या बाहेर आहेत.

आधी तपासणीबद्दल लिहितो, कारण घोळाची सुरुवात तेथेच होते. ज्या लोडने कॅलिब्रेशन केले तोच लोड पुन्हा लावून उणे ५५ डेसिबल मिळाले, तर त्यातून जोडणी पुन्हापुन्हा तशीच होते एवढेच सिद्ध होते. ‘हा लोड म्हणजे परिपूर्ण ५० ओहम’ असे आपणच यंत्राला सांगितलेले असते आणि यंत्र तेच आपल्याला परत ऐकवते. स्वतःच प्रश्नपत्रिका काढून स्वतःच उत्तरे तपासण्यासारखे हे आहे. शॉर्टचा ठिपका आणि थ्रूची सपाट रेषा यांचेही तेच. तपासणीसाठी अशी वस्तू हवी जी कॅलिब्रेशनमध्ये वापरलेली नाही आणि जिचे वर्तन भौतिक नियमांनी आधीच बांधलेले आहे. तुमच्याजवळ ती आहेच: पोर्ट १ च्या केबलला फिमेल-फिमेल बॅरल लावा आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला किटमधला मेल शॉर्ट लावा. एस११ चा माग स्मिथ चार्टच्या काठालगत, वारंवारता वाढेल तसा किंचित आत सरकत, नितळपणे फिरायला हवा. बॅरल स्वतः फारसे चांगले नसले तरी हरकत नाही, कारण वाईट बॅरलही पॅसिव्हच असते. तेथेही माग काठाच्या बाहेर पडला, तर फिल्टर निर्दोष आहे आणि खोट कॅलिब्रेशनमध्ये आहे.

आता ०.४ डेसिबलकडे येऊ. स्टॉपबँडमध्ये फिल्टरमधून जवळजवळ काहीच पलीकडे जात नाही, त्यामुळे तेथील एस११ वर पोर्ट २ चा किंवा थ्रूचा परिणाम होत नाही. दोषी ठरतात त्या पोर्ट १ च्या ओपन, शॉर्ट आणि लोड या तीनच पायऱ्या. ०.४ डेसिबल म्हणजे १.०४७ पट, अर्थात सुमारे ०.०४७ इतकी त्रुटी, म्हणजेच उणे २६.५ डेसिबलच्या आसपासचा उरलेला दोष. लोडचा रिटर्न लॉस (परत येणारा संकेत किती कमी आहे तो आकडा) ४० डेसिबल असेल तर पूर्ण परावर्तनावर त्याच्यामुळे फार तर ०.१७ डेसिबलचा फरक पडेल, त्यामुळे माझा संशय लोडपेक्षा ओपन आणि शॉर्टवर अधिक आहे. ‘आदर्श’ नोंदीनुसार हे दोन्ही प्रत्येक वारंवारतेला एकमेकांपासून अचूक १८० अंशांवर असतात. प्रत्यक्षातल्या ओपनच्या टोकाशी विद्युतक्षेत्र बाहेर पसरते आणि काही दहा फेम्टोफॅरड धारिता तयार होते. शिवाय ओपन आणि शॉर्ट दोन्हींच्या आत थोडी लांबी असते, जी ३.५ मिलिमीटर (एसएमएशी जुळणाऱ्या अचूक कनेक्टरच्या) किटमध्ये एका दिशेने साधारण ३० पिकोसेकंद भरते. ही लांबी दोन्हींत तंतोतंत जुळली तर संदर्भपातळी नुसती सरकते आणि परिमाण बिघडत नाही, पण जुळली नाही की सोर्स मॅचचे (यंत्राच्या पोर्टवरून पुन्हा परावर्तित होणाऱ्या संकेताचे) गणित चुकते. पन्नास फेम्टोफॅरडची धारिता दुर्लक्षिली, तर केवळ तेवढ्याने ६.५ गिगाहर्ट्झला ०.९ डेसिबलपर्यंत चूक होऊ शकते. तुमच्या ०.४ डेसिबलसाठी ओपन आणि शॉर्टमध्ये एका दिशेने सुमारे १.१ पिकोसेकंदाची तफावत पुरेशी आहे आणि हवेत ते अंतर जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर होते! ही चूक वारंवारतेच्या प्रमाणात वाढते, जे तुमच्या आलेखाशी जुळते.

उपाय असा की किटसोबत आलेल्या कागदावरून ओपनचे धारितेचे गुणांक, शॉर्टचे प्रेरकतेचे गुणांक, दोन्हींचे ऑफसेट डिले (आतल्या लांबीला लागणारा वेळ) आणि ऑफसेट लॉस यंत्रात भरून नवी नोंद तयार करावी. भरताना मेल-फिमेलकडे डोळ्यांत तेल घालून पाहा, कारण काही यंत्रांत यादीतले लिंग स्टँडर्डचे असते तर काहींत टेस्ट पोर्टचे, आणि या एका संकेतामुळे भल्याभल्यांची दिवसभराची मोजणी वाया गेलेली मी पाहिली आहे.

बॅरलची गोष्ट निराळी. तुम्ही ते शून्य लांबीचे थ्रू म्हणून दिले आहे. त्यामुळे एस२१ ची फेज तेवढ्या लांबीने खोटी येते आणि, अधिक त्रासदायक म्हणजे, पोर्ट २ च्या लोड मॅचची (तो पोर्ट स्वतः किती परावर्तन करतो याची) नोंद फिरलेल्या फेजने होते, ज्याचे परिणाम पासबँडमध्ये दिसतात. यंत्रात ‘अननोन थ्रू’ ही पद्धत असेल तर ती निवडा. फेरेरो आणि पिसानी यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत थ्रूचे गुणधर्म आधी ठाऊक असण्याची गरज नसते. ते दोन्ही दिशांनी सारखे वागणारे असावे आणि त्याच्या फेजचा अंदाज ९० अंशांच्या आत असावा, एवढीच अट असते.

स्थिरतरंग

वरील प्रतिसादाशी सहमत. दाट रिपलबद्दल थोडी भर घालतो.

रिपलच्या दोन शिखरांमधले अंतर मोजले की दोष किती लांब आहे ते कळते: लांबी म्हणजे केबलमधील वेग भागिले त्या अंतराची दुप्पट. वेग प्रकाशाच्या ०.७ पट धरला आणि शिखरे १०० मेगाहर्ट्झने येत असली तर लांबी १.०५ मीटर येते, म्हणजे थेट केबलच्या यंत्राकडील टोकाशी पोहोचता. शिखरे १ गिगाहर्ट्झने येत असती तर दोष साधारण दहा सेंटिमीटरवर, फिल्टरच्या जवळपास शोधावा लागला असता. परंतु २०१ बिंदूंत ८.४९ गिगाहर्ट्झ बसवल्यावर दोन बिंदूंमधले अंतर ४२.४५ मेगाहर्ट्झ होते आणि १०० मेगाहर्ट्झच्या एका लाटेला जेमतेम अडीच बिंदू मिळतात. अशा आलेखात दिसणारे अंतर खरे असेलच असे नाही. बिंदू १६०१ करा, म्हणजे अंतर ५.३ मेगाहर्ट्झवर येईल, आणि मगच शिखरे मोजा. बिंदू बदलल्यावर जुने कॅलिब्रेशन अंदाजाने भरून चालवू नका, नव्याने करा.

केबल हलवल्यावर रिपल बदलते, याचा अर्थ कॅलिब्रेशनच्या वेळी जी परावर्तने वजा झाली होती ती आता दुसऱ्या फेजने येत असल्यामुळे पूर्ण वजा होत नाहीत. केबली टेबलाला टेकवून, मोठ्या वळणात, शक्य असल्यास चिकटपट्टीने बांधून ठेवा. फिल्टर केबलीपाशी न्या. केबली ओढून फिल्टरपाशी आणू नका. कनेक्टर आवळताना केवळ नट फिरवावा, मागचा भाग दुसऱ्या पान्याने स्थिर धरावा, कारण भाग फिरला की मधली पिन समोरच्या फिमेलच्या पाकळ्यांवर घासते आणि प्रत्येक जोडणीगणिक मोजणी सरकत जाते. टॉर्क रेंच हवाच: पितळी एसएमएसाठी साधारण ०.५६ न्यूटन-मीटर, ३.५ मिलिमीटरसाठी ०.९ न्यूटन-मीटर. आणि हो, यंत्राच्या पोर्टवरचा जोड एकदा तपासा. लोक केबलचे पुढचे टोक निष्ठेने आवळतात आणि मागचे हातानेच घट्ट केलेले असते.

पासबँडच्या रिटर्न लॉसच्या आकड्यांवरही विश्वास जपून ठेवा. लोड ४० डेसिबलचा असेल तर १८ डेसिबलचा खरा आकडा १७.३ ते १८.७ मध्ये कोठेही दिसू शकतो, ही तफावत चालण्याजोगी आहे. पण ३५ डेसिबलचा आकडा ३१ पासून ४२ पर्यंत कोठेही दिसेल आणि तो अहवालात लिहिण्यात अर्थ नाही.

लघुलहर (धागाकर्ता)

दोघांचेही मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे केलेल्या तपासण्यांचे निष्कर्ष देतो.

जुन्याच कॅलिब्रेशनवर बॅरल आणि शॉर्ट लावून पाहिले, तेव्हा स्मिथ चार्टमधील माग वर्तुळाच्या काठाबाहेर अंड्यासारखा फुगलेला दिसला, म्हणजे फिल्टरचा संबंध नव्हता. किटच्या कागदावरचे गुणांक भरून, १६०१ बिंदूंवर, अननोन थ्रू निवडून पूर्ण कॅलिब्रेशन पुन्हा केले. आता तोच शॉर्ट संपूर्ण पल्ल्यात शून्याच्या खाली राहतो आणि वरच्या टोकाला उणे ०.१ डेसिबलच्या आसपास पोहोचतो. फिल्टरचे स्टॉपबँडमधील एस११ ही शून्याच्या वर जात नाही. पासबँडमधील ग्रुप डिले (संकेताला फिल्टर ओलांडायला लागणारा वेळ) पूर्वीपेक्षा सुमारे ६० पिकोसेकंदांनी वाढला आहे. हा वाढीव भाग बॅरलचाच असावा असे मी समजतो.

दाट रिपलची शिखरे १६०१ बिंदूंवर खरोखरच १०० मेगाहर्ट्झच्या जवळ निघाली. पोर्ट २ वरचा यंत्राकडील जोड रेंचने आवळल्यावर आणि केबली बांधल्यावर ती बरीच कमी झाली, तरी पूर्ण गेलेली नाही. एक उपप्रश्न उरतो: स्टॉपबँडमध्ये एस२१ उणे ८५ डेसिबलच्या आसपास गवतासारखे दिसते. फिल्टरचे खरे अटेन्युएशन तेवढेच आहे की ही यंत्राची मर्यादा आहे?

प्रतिबाधा

ग्रुप डिलेचा तुमचा अर्थ बरोबर आहे. बॅरल शून्य लांबीचे मानले गेल्यामुळे त्याची लांबी आधी फिल्टरमधून वजा होत होती.

गवतासारखे दिसते आहे म्हणजे तो बहुतेक नॉइझ आहे. खात्रीसाठी आयएफ बँडविड्थ १० किलोहर्ट्झवरून १०० हर्ट्झवर आणा. नॉइझ फ्लोअर २० डेसिबलने खाली जायला हवा. आलेखही तेवढाच खाली गेला तर आधी दिसत होता तो फिल्टर नव्हताच. आलेख एखाद्या पातळीवर थांबला आणि नितळ झाला, तर ती पातळी फिल्टरची किंवा दोन पोर्टांमधल्या गळतीची. दोन्ही केबलींना लोड लावून एस२१ पाहिले की यांतले कोणते ते कळेल. स्वीपला मात्र साधारण शंभरपट वेळ लागेल. म्हणून सेगमेंट स्वीप वापरा: पासबँडला १० किलोहर्ट्झ राहू द्या आणि स्टॉपबँडच्या तुकड्यालाच १०० हर्ट्झ द्या. आयसोलेशनची पायरी वगळलेलीच बरी. नॉइझमध्ये बुडालेली गळती मोजून वजा केली तर आलेखात नवा नॉइझ मिसळतो, बाकी काही हाती लागत नाही.

स्थिरतरंग

उरलेल्या रिपलसाठी केबली न हलवता अर्ध्या तासाने बॅरल-शॉर्टची मोजणी पुन्हा घ्या आणि पहिल्या मोजणीने भागून, यंत्राच्या डेटा भागिले मेमरी या सोयीने, फरक पाहा. काही न हलवताही फरक वाढत असेल तर तो तापमानाचा आहे, यंत्र तापून स्थिर व्हायला अधिक वेळ द्या. हात लावल्यावरच वाढत असेल तर ती केबल फेज-स्टेबल प्रकारची नाही आणि या कामासाठी बदलावी लागेल.