"पोरीच्या अंगातच नाही" हे सातवीत ठरवायचं का? (चर्चा)

चित्रकलेच्या बाई

शनिवारी आमच्या शाळेत पालकसभा होती. करवीर तालुक्यातलं गाव, सातवीचा वर्ग. एका मुलीचे वडील टेबलाजवळ आले आणि मुलगी शेजारी उभी असतानाच म्हणाले, "बाई, हिच्या हातात कला न्हाई. ते अंगातच असावं लागतंय. चित्रकलेच्या तासाला हिला गणितं करू द्या." माणूस वाईट नाही, पोरीच्या भल्याचंच बोलत होता. पोरगी वहीचा कोपरा दुमडत राहिली.

तिची रेघ कच्ची आहे, हे खरं. घागर काढली की एक बाजू फुगते. पण पंधरा दिवसांपूर्वी मी मुलांना पंचगंगेच्या घाटावर नेलं होतं. पायरीचा दगड पाण्यालगत काळपट, वर कोरडा, आणि मधे वीतभर ओलसर पट्टा. बाकीच्यांनी दगड म्हणून काळा रंग फासला. हिने तांबडा, निळा आणि किंचित पिवळा मिसळला, दोनदा पुसला, आणि तिसऱ्यांदा तो मधला पट्टा असा आणला की मी कागद नेऊन दगडाला लावला. फरक दिसेना. हे तिला कुणी शिकवलेलं नाही, मीसुद्धा नाही. आणि आपण काही विशेष केलं हे तिच्या गावीही नव्हतं.

म्हणून माझं ठाम मत: "अंगात नाही" हे वाक्य शाळकरी मुलासमोर कुणीही बोलू नये. खाशाबा जाधवांचा किस्सा आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. राजाराम कॉलेजात असताना अंगकाठी बघून क्रीडाशिक्षकांनी त्यांचं नाव कुस्तीसाठी घ्यायला नकार दिला, मग ते थेट प्राचार्यांकडे गेले. त्याच खाशाबांनी 1952 ला हेलसिंकी ऑलिंपिकात कांस्य आणलं. तिथं जायला पैसे कमी पडले तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले. ते प्राचार्यही "अंगात नाही" म्हणाले असते तर?

ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहा. तालमीतल्या आणि गाण्यातल्या माणसांचं ऐकायचं आहे.

गंगावेसकर

बाई, तुमच्याबद्दल आदर ठेवून सांगतो, न्हाई पटलं.

मी बारा वर्षं तालमीत काढल्यात. पहाटे चारला उठून जोर-बैठका, मग हौद्यात लढत. आमच्या वेळला पस्तीस-चाळीस पोरं होती. माती तीच, वस्ताद तेच, खुराक थोडाफार तोच. त्यातली वर किती आली? दोन. आणि ती दोन कोण, ते वस्तादांनी पहिल्या महिन्यातच वळखलं होतं. डाव बघून न्हवं, पडताना बघून. कच्चं पोरगं पडलं की हात टेकतंय. ज्याच्या अंगात हाय ते पडता पडताच मान आत घेतंय आणि कुशीवर फिरतंय. ते शिकवून येत न्हाई. मला बारा वर्षांत आलं न्हाई.

खाशाबांचं उदाहरण तुमच्या बाजूनं लागत न्हाई. त्यांचे वडील स्वतः पैलवान. गोळेश्वरला पोरगं लहानपणापासनं मातीत. क्रीडाशिक्षकाला दिसलं न्हाई म्हणून गुण नव्हता असं थोडंच हाय? उलट अंगात होतं म्हणूनच ते दाराबाहेर राहिलं न्हाई.

आणखी एक, आणि हे जास्त महत्त्वाचं. आमच्या गावात एकानं पोराच्या खुराकासाठी दोन म्हसरं आणि वीस गुंठं जमीन घालवली. पोरगं कष्टाळू होतं, पण कुस्ती त्याची नव्हतीच. आठ वर्षांत एकानंबी तोंडावर सांगितलं न्हाई. "कर मेहनत, येईल" एवढंच. ती आठ वर्षं आणि ती जमीन कोण परत देणार? तुम्ही बोलू नये म्हणताय, मी म्हणतो वेळेत बोलावं.

आकडेमोड

दोन्ही बाजूंना थोडं थोडं अडवतो.

"दहा हजार तास केले की कुणालाही काहीही येतं" हे सगळीकडे फिरतं, त्याचं मूळ अँडर्स एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाच्या 1993 च्या अभ्यासात आहे. बर्लिनच्या संगीत अकादमीतले व्हायोलिनचे विद्यार्थी तपासले होते. त्यातल्या उत्तम गटाचा विसाव्या वर्षापर्यंतचा सराव सरासरी 10,000 तासांच्या घरात गेला, एवढंच. सरासरी म्हणजे निम्म्याच्या आसपास मुलं त्याच्या खालीच होती. तो आकडा नियम नाही हे एरिक्सन यांनी स्वतः नंतर सांगितलं.

2014 मध्ये असे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. माणसामाणसातल्या कौशल्याच्या फरकापैकी किती भाग सरावाने समजावता येतो? बुद्धिबळासारख्या खेळांत 26 टक्के, संगीतात 21, मैदानी खेळांत 18, शिक्षणात 4. म्हणजे गंगावेसकर दादांच्या त्या चाळीस पोरांचं गणित खोटं नाही. पण उरलेलं सगळं "रक्तातलं" असंही त्यातून निघत नाही. त्यात सुरुवातीचं वय, शिकवणारा, घरची स्थिती, दुखापत असं सगळंच येतं.

दादा, तुमच्या वस्तादांना पहिल्या महिन्यात दिसलं म्हणता, त्यावर एक शंका. कॅनडातल्या आइस हॉकीत 1985 साली असं आढळलं की वरच्या पातळीवरचे खेळाडू मोठ्या संख्येने जानेवारी-फेब्रुवारी-मार्चला जन्मलेले आहेत. वयोगटाची तारीख 1 जानेवारी. म्हणजे एकाच गटात काही मुलं जवळजवळ वर्षाने मोठी. प्रशिक्षकांना ती "गुणी" दिसली, मग त्यांनाच जास्त सराव मिळाला, आणि ती खरोखर पुढे गेली. आपल्याकडच्या निवड चाचण्यांत बारा वर्षांच्या पोराच्या उंचीवरून गुण ठरवताना हे कुणी बघतं का?

गंगावेसकर

हॉकीचं मला म्हाईत न्हाई. पण तुमचा मुद्दा कळला. वस्तादांनी ज्या दोघांना वळखलं त्यांच्याशी ते स्वतः लढत द्यायचे, आमच्याशी न्हाई. हे आज पहिल्यांदा डोक्यात आलं. तरीबी पडण्याची गोष्ट मी सोडणार न्हाई.

सूर लागला नाही

मी बाईंच्या विरुद्ध लिहिते आहे. कटुतेने नाही, पण मनापासून.

वयाच्या नवव्या वर्षापासून सतराव्यापर्यंत मी गाणं शिकले. आईची हौस. आठवड्यातून तीन दिवस क्लास, घरी रोज तासभर पेटीवर सा-रे-ग-म. माझा सूर कधीच लागला नाही. गंधार नेहमी थोडा खाली. मला तो खाली आहे हेच ऐकू यायचं नाही, समोरच्याच्या चेहऱ्यावरून कळायचं. क्लासमध्ये एकच उत्तर: "रियाज कमी पडतोय." मी आणखी लवकर उठायचे. परीक्षेच्या आदल्या रात्री पेटीच्या भात्यावर डोकं ठेवून रडलेली मला अजून आठवते.

"मेहनतीने सगळं येतं" हे ऐकायला गोड आहे, पण त्याची दुसरी बाजू बघा. येत नसेल तर दोष तुझाच, तू आळशी. "तुझा हा प्रांत नाही" असं कुणी प्रेमाने सांगितलं असतं तर मी सुटले असते.

आता दुसरी गोष्ट. माझं वय बेचाळीस आहे. आमच्या बचत गटात वीस बायका आहेत. कर्जाचा हप्ता चुकला की भांडण ठरलेलं. तीन वर्षांपूर्वी एक जण सहज म्हणाली, "तू नसलीस की मिटिंग मोडती बघ." मला कळेना मी काय करते. मग लक्ष ठेवलं. मी दोघींना आधी वेगवेगळं चहाला बोलावते, आकड्याचं बोलणं शेवटी काढते, आणि कुणाला चारचौघांत खोटं पाडत नाही. हे मी लहानपणापासून करते आहे, भावंडांत, शेजारात. जे सहज जमतं त्याला आपण गुण म्हणतच नाही. ज्यासाठी घाम गाळावा लागतो त्यालाच गुण समजतो आणि आयुष्यभर त्याच्याच मागे लागतो. बाई, आपल्याला रंग जमतो हे तुमच्या त्या मुलीला कळलं नाही, याचं कारण हेच असेल.

देवल क्लबचा जुना श्रोता

ताई, तुमचं दुःख समजतं. तरी आठ वर्षांनी जे सिद्ध झालं ते एका पद्धतीबद्दल, एका क्लासबद्दल. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी गायक म्हणून कोल्हापुरात आले त्याआधीची हकिगत आठवा. तारुण्यात अति गायल्याने त्यांचा आवाज गेला. परतला तो पहिल्यासारखा नव्हता. मग त्या बदललेल्या गळ्याला झेपेल अशी, लयीच्या अंगाने वळणं घेणारी गायकी त्यांनी घडवली. आज जयपूर-अत्रौली घराण्याची म्हणून जी मैफलीत ऐकतो, ती तीच. देणगीच्या भरवशावर बसले असते तर काय राहिलं असतं?

सूर लागला नाही

काका, नमस्कार. पण खाँसाहेबांचा गळा गेला होता, कान नव्हता गेला. माझा कानच नव्हता. खानदानी गवयाच्या घरातलं उदाहरण माझ्यासारखीला लावू नका. तेच तर आमच्या आईने केलं.

देवल क्लबचा जुना श्रोता

हे मान्य करतो. गळा आणि कान यांतला फरक मी लक्षात घेतला नव्हता.

रंकाळ्याकाठी

बाबूराव पेंटर चित्रकलेच्या कुठल्या शाळेत गेले होते? स्वतः शिकले, नाटकाचे पडदे रंगवले, मग सिनेमाचा कॅमेरासुद्धा इथेच कोल्हापुरात घडवला. हे उपजत नाही तर काय?

चित्रकलेच्या बाई

उपजत होतंच. पण त्यांचं मूळ आडनाव मेस्त्री. घरात लाकूड, धातू, रंग, कोरीवकाम, सगळं चालू. लहानपणी हातात खेळणं म्हणून हत्यार आलं. शाळेत गेले नाहीत म्हणजे शिकले नाहीत असं कसं म्हणायचं?

स्वप्निल कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. त्या गावात बसून "माझ्यात नेमबाजी आहे" हे त्याला कसं कळणार होतं? तो क्रीडा प्रबोधिनीत गेला, तिथे रायफल हातात आली, आणि 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये 451.4 गुणांनी कांस्य मिळालं. खाशाबांनंतर 72 वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मधल्या 72 वर्षांत आपल्या तालुक्यांत असे डोळे आणि असे हात जन्मलेच नाहीत? जन्मले असणार. ऊस तोडत राहिले असणार. मला राग येतो तो याचा.

सूर ताई, तुमच्या पोस्टने मात्र मला झोप लागू दिली नाही. त्यावर नंतर लिहिते.

गुऱ्हाळावरचा

गाणं-कुस्तीतलं कळत नाही, पण डोळ्याच्या गुणाबद्दल बोलू शकतो. आमचं गुऱ्हाळघर आहे, वडील गुळव्या, म्हणजे गूळ रांधणारे.

एका आदणाला, म्हणजे एका खेपेला, काहिलीत (मोठ्या पसरट कढईत) हजार लिटरच्या आसपास रस असतो. खाली चुलवाणात चिपाडाचा जाळ. आधी भेंडीचं पाणी टाकून मळी काढायची. मग अडीच-तीन तास रस आटतो, आणि सगळा खेळ शेवटच्या चार-पाच मिनिटांचा. पाक लवकर उतरवला तर ढेप बसत नाही, पाघळते. उशीर झाला तर करपून काळी पडते, मग बाजारात कोण विचारतो? वडील बुडबुडे कसे फुटतात ते बघतात, पाकाचा थेंब पाण्यात टाकतात, बोटांनी गोळी करतात आणि "ओढा" म्हणतात. मी थर्मामीटर आणला. 118 अंशांच्या आगेमागे उतरवायचं, असं पुस्तकात आहे. वडील थर्मामीटर न बघता बोलतात आणि काटा तिथंच असतो. पण क्षारपड रानातला ऊस आला की काटा 118 दाखवतो आणि वडील "थांब" म्हणतात. त्यांचं बरोबर निघतं.

सगळे म्हणतात, देवाची देणगी. मी आजीला विचारलं. ती म्हणाली, पहिल्या दोन हंगामांत त्यानं अकरा आदणं घालवली, आजोबांनी चिपाडानं मारलं होतं. ती अकरा आदणं आता कुणाच्या लक्षात नाहीत.

पण पुढचंही खरं सांगतो. माझा मोठा भाऊ आणि मी, दोघंही वडिलांजवळ सारखीच वर्षं उभे राहिलो. भावाला पाक कळतो. मला अजून कळत नाही. म्हणून मी हिशेब आणि विक्री बघतो, आणि ते मला चांगलं जमतं. आमच्या घरात याचं कुणाला वाईट वाटत नाही.

बाई, त्या मुलीला एकदा आणा. रस काहिलीत पडतो तेव्हा हिरवट करडा असतो. तिथून सोनेरी होईपर्यंत किती रंग बदलतात ते मला सांगता येत नाही, तिला येईल.

गंगावेसकर

अकरा आदणं घालवायला आजोबांची काहील होती म्हणून. दुसऱ्याच्या गुऱ्हाळावर पहिल्या आदणालाच घरी धाडला असता. चुकायला जागा मिळणं हीबी गोष्ट हाय, हे मी आता मानतो. वेळेत सांगावं, हे तरीबी सोडत न्हाई.

चित्रकलेच्या बाई

काल गेलो. मी, ती, आणि तिचे वडील. त्यांना मी मुद्दाम बोलावलं, आणि ते आले.

तिने चुलवाणापासून दूर, पोत्यावर बसून कागदावर पट्ट्या रंगवल्या. रस पडला तेव्हाची एक, मळी निघाल्यावरची एक, मग जवळजवळ दर दहा मिनिटांनी. वाफेने कागद ओलसर होत होता, रंग पसरत होता. शेवटी पाक भराभर बदलायला लागला तशी तिची तारांबळ उडाली. "ओढा" म्हणायची वेळ तिने दोनदा सांगितली आणि दोन्ही वेळा चुकली, एकदा चांगलीच लवकर. गुळव्या आजोबा, म्हणजे गुऱ्हाळावरच्या दादांचे वडील, हसले नाहीत. तिच्या पट्ट्या हातात घेऊन उजेडाला धरल्या आणि शेवटून तिसऱ्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाले, "हा रंग जरा आधीचा हाय, ह्याच्या फुडं तू बघितलंच न्हाईस." तिने ती पट्टी फाडली आणि वाफ्यात निवायला ओतलेल्या गुळाकडे बघत नवी करायला घेतली.

सूर ताई, तुम्ही म्हणालात ते मी माझ्या वाक्यात घालते आहे. "अंगात नाही" म्हणणार नाही. "घागर तुला जमत नाहीये, रंग जमतोय" असं तिला परवा स्पष्ट सांगितलं. तिने मान हलवली. घागरीचं तिला आधीच माहीत होतं. गंगावेसकर दादा, मी वेळेत बोलले.

वडील परत येताना गाडीवर काहीच बोलले नाहीत. शाळेशी उतरल्यावर मात्र विचारलं, चांगल्या रंगाची पेटी कितीला येते.

गुऱ्हाळावरचे दादा, पुढचं आदण शनिवारी सकाळी लागेल म्हणालात ना? आम्ही सातला पोचतो. जाड कागद घेऊन येते, कालचा टिकला नाही.