नगराध्यक्षपदाला तुम्ही कुणाला मत देताय अन का?

मांजराकाठचा:
नमस्कार मंडळी. लातूर जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेचा मतदार आहे, वय २४, नगरपरिषदेला पहिल्यांदाच मत देणार, कारण मागची निवडणूक २०१६ ला झाली तवा मी शाळेत होतो अन मुदत संपल्यापासून जवळपास चार वर्षं प्रशासकच बसलाय. २ डिसेंबर २०२५ ला मतदान आहे. आमच्याकडं अध्यक्षपद महिलेसाठी राखीव सुटलंय. तीन दिवसांपासून घरात रोज वाद चालू, बाबा म्हणायलेत आपल्या समाजाची बाई सोडून दुसरीला मत दिलं तर पाव्हण्यारावळ्यात तोंड दाखवता येणार नाही, मोठा भाऊ म्हणायलाय मुंबईत ज्यांची सत्ता त्यांचीच निवडा, निधी येईल. मला दोन्ही पटेना. पक्षाचं नाव नका सांगू, उमेदवाराचंबी नको, फक्त तुम्ही ज्यांना मत देताय ते का देताय तेवढं मनापासून सांगा.

शिलाईवाली_ताई:
भाऊ, मी सांगते. मी ज्या बाईला मत देणार ती आमच्या समाजाची नाही अन तिच्या पक्षाला मी आधी कधी मत दिलेलं नाही. २०१६ ला ती आमच्या प्रभागातून नगरसेविका झाली. त्याच वर्षी उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, पहिल्या गाडीत ५ लाख लिटर, ते सगळ्यांना माहीत आहे. पण आमच्या गावात नळ आठ-दहा दिवसाला यायचा अन कधी येईल ते कुणालाच माहीत नसायचं, रात्री १२ ला बी अन पहाटे ४ ला बी, त्यामुळं गल्लीतल्या बाया रात्र रात्र जाग्या, दुसऱ्या दिवशी मशीनवर बसलं की माझे डोळे मिटायचे, एकदा सुई बोटातून आरपार गेली. ह्या बाईनं काय केलं तर मारुतीच्या पारावर एक फळा टांगला अन व्हॉल्व सोडणाऱ्या माणसाकडून रोज संध्याकाळी खडूनं लिहून घ्यायला लागली, कोणत्या गल्लीला किती वाजता. मोटर जळाली तर तेबी लिहायचं, आज पाणी नाही म्हणून. पाणी वाढलं नाही हो, तेवढंच होतं, पण झोप मिळायला लागली. प्रशासक आल्यावर दोन-तीन महिन्यांत फळा बंद झाला, आता परत तेच चालू आहे.

अन दुसरं म्हणजे सभेला ती स्वतः जायची. तिचा नवरा दुकान सांभाळतो, त्यानं कधी तिच्या खुर्चीत बसून सही मारली नाही. निम्म्या जागा बायांना आहेत आपल्या राज्यात पण किती ठिकाणी बॅनरवर बाईचा फोटो अन कारभार नवऱ्याचा, हे मला फार लागतं. नाल्यांचं काम तिच्याकडून झालं नाही, ते मी तिला तोंडावर सांगितलंय.

वकीलकाका_उस्मानाबादी:
ताईंचं पटतं, पण एक लक्षात घ्या. नगरपरिषदेत आपण तीन मतं देतो, एक अध्यक्षाला अन दोन प्रभागातल्या सदस्यांना. २०२२ ला अध्यक्षाची थेट निवड परत आणली तेव्हापासून अध्यक्ष लोकांतून येतो, पण बजेट अन ठराव सर्वसाधारण सभेत बहुमतानं होतात, मतं समसमान पडली तर अध्यक्षाचं निर्णायक मत. वर अंमलबजावणी मुख्याधिकाऱ्याच्या हातात. अध्यक्ष एका गटाचा अन सदस्य दुसऱ्या गटाचे असले की पाच वर्षं नुसतं विषय तहकूब, तहकूब. म्हणून मी पॅनल बघून तिन्ही मतं एकाच बाजूला देणार. भावाचं निधीचं म्हणणंबी अगदीच चूक नाही बरं का, पाणीपुरवठ्याची मोठी योजना घरपट्टी-पाणीपट्टीवर होत नसते, ती वरून मंजूर करून आणावी लागते.

शिलाईवाली_ताई:
काका, योजना वरून येईल ते कबूल. पण फळ्याला कोणता निधी लागतो सांगा. अन बहुमताचं म्हणाल तर सभेत अध्यक्षाच्या खुर्चीत बसून "ह्या महिन्यात किती दिवस पाणी सोडलं ते लेखी द्या" असं मुख्याधिकाऱ्याला विचारायला तरी हात वर करणारे लागत नाहीत. मला ते विचारणारी पाहिजे. माझं एक मत तिला, बाकी दोन सदस्यांचं मी अजून बघायलेय.

मांजराकाठचा:
ताई, काका, दोघांचेबी आभार. तुमचं वाचलं अन एकदम लक्षात आलं की तीन दिवस आम्ही तिघं बाप-लेक वाद घालायलोय पण आईला कुणी विचारलंच नाही. आत्ता विचारलं. भाकरी थापत होती, वर न बघता म्हणली, "पाण्याच्या पाळीला रात्री दोनला उठून कोठी भरते मी, तुमच्यातलं कोण उठतं?" बाबा काहीच बोलले नाहीत. तिनं ठरवलंय म्हणे, कुणाला ते सांगायली नाही. उद्या आमच्या गल्लीत दोन उमेदवार पदयात्रेला येणार आहेत, त्यांना सभेला कोण जाणार अन फळा लावणार का एवढं मी विचारणार आहे, आई म्हणली मी बी येते.