मदत हवी आहे: 'पुट ऑन इट' का चुकलं? 'इट' मध्ये कधी घालायचं, शेवटी कधी?

शिरोलीकर:
नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत डिस्पॅचला आहे. शाळा मराठी, मग आयटीआय. इंग्रजी वाचून कळतं, मेलही लिहितो. बोलायची वेळ आली की घोटाळा होतो.

मागच्या आठवड्यात परदेशी पाहुणे कास्टिंग (ओतीव भाग) बघायला आले होते. शेडच्या दारात मी एकाच्या हातात हेल्मेट दिलं आणि आदबीनं म्हणालो, 'प्लीज पुट ऑन इट.' तो हेल्मेटकडे बघतोय, माझ्याकडे बघतोय. शेजारी टेबल होतं. त्यानं हेल्मेट गपगुमान टेबलावर ठेवलं आणि आता पुढं काय करू म्हणून उभा राहिला! मागं फेटलिंगची, म्हणजे कास्टिंग घासून साफ करणारी पोरं तोंड फिरवून हसायला लागली. शेवटी मी माझंच हेल्मेट काढून परत घालून दाखवलं.

रात्री बारावीतल्या पुतणीला विचारलं. ती म्हणाली, 'काका, पुट इट ऑन म्हणतात.' का? 'तसंच असतं.' बरं. म्हणून मी आपला नियम करून टाकला: 'इट', 'हिम', 'देम' आलं की मध्ये घालायचं. दुसऱ्याच दिवशी फोनवर ट्रान्सपोर्टवाल्याबद्दल बोलताना 'आय ॲम वेटिंग हिम फॉर' म्हणून बसलो. समोरचा दोनदा 'सॉरी?' म्हणाला.

आता कुणीतरी नीट सांगा. मध्ये कधी, शेवटी कधी? येत्या शुक्रवारी तेच पाहुणे परत यायचेत.

मिसळ_जादा_कट:
टेबलावर हेल्मेट! नाद खुळा. भावा, पाहुणा सालस म्हणायचा, तू जे बोललास तेच त्यानं केलं.

राजारामपुरीची_मास्तरीण:
मिसळवाले बरोबर बोलले. 'पुट ऑन इट' याचा सरळ अर्थ 'त्याच्यावर ठेवा' असाच होतो. त्याला टेबल दिसलं, त्यानं टेबलावर ठेवलं.

दादा, 'ऑन', 'अप', 'ऑफ' असले शब्द दोन नोकऱ्या करतात, गोंधळ तिथंच आहे. एका नोकरीत ते नामाला चिकटतात, आपल्या 'वर', 'कडे', 'साठी'सारखे. 'लुक ॲट हिम' म्हणजे त्याच्याकडे बघ. हा 'कडे' आपण 'त्याच्या'पासून तोडून क्रियापदापलीकडे टाकतो का? 'त्याच्या बघ कडे' असं कोल्हापुरात काय, कुठंच कुणी म्हणणार नाही. तसंच 'ॲट' आणि 'हिम' एकत्र राहतात. 'वेट फॉर हिम' तसलंच.

दुसऱ्या नोकरीत ते क्रियाविशेषण असतात आणि त्यांचं नातं क्रियापदाशी असतं. हे काम मराठीत आपण दुसरं क्रियापद जोडून करतो. लिहून ठेव: 'राइट इट डाउन'. फेकून दे: 'थ्रो इट अवे'. खाऊन टाक: 'ईट इट अप'. आपलं 'ठेव', 'दे', 'टाक' करतं ते त्यांचं 'डाउन', 'अवे', 'अप' करतं. इथं कर्म जर सर्वनाम असेल तर ते मध्येच यायला हवं. नाम असेल तर मोकळीक: 'पुट ऑन द हेल्मेट' चालतं, 'पुट द हेल्मेट ऑन'ही चालतं. नाम फार लांबलचक असेल तर मात्र ते शेवटीच बरं. 'स्विच' म्हणून मग 'फर्नेसशेजारचं नवीन मशीन' एवढं सगळं सांगून झाल्यावर 'ऑफ' येईपर्यंत ऐकणारा कंटाळतो.

शिरोलीकर:
ताई, 'ठेव-टाक'चं लई भारी पटलं. पण 'लुक आफ्टर'चं काय? त्याचं मराठी 'सांभाळ'. त्यात ना 'कडे', ना 'टाक'.

राजारामपुरीची_मास्तरीण:
हो, भाषांतराची युक्ती तिथं फसते. मग कानानं ओळखायचं. मोठ्यानं म्हणून बघा: 'पुट इट ऑन'. जोर 'ऑन'वर पडतो, 'इट' कसंबसं ऐकू येतं. आता 'लुक आफ्टर देम'. जोर 'लुक'वर. 'वेट फॉर हिम'मध्ये तर 'फॉर'चं नुसतं 'फर' होतं. जोर घेणारा शब्द सुटा, सर्वनाम त्याच्या आधी. जोर न घेणारा शब्द चिकट्या, सर्वनाम त्याच्यामागं. 'आफ्टर', 'अक्रॉस'सारख्या दोन सिलॅबलच्या (उच्चाराच्या दोन तुकड्यांच्या) शब्दांत कान थोडा चकतो.

तेव्हा तिसरी परीक्षा. मध्ये एखादं 'ली'वालं क्रियाविशेषण घालून बघा. 'आय वेटेड पेशंटली फॉर हिम' छान बसतं, म्हणजे 'फॉर' चिकट्या. 'ही पिक्ड क्विकली अप द बॉक्स' कानाला टोचतं, म्हणजे 'अप' क्रियापदाचा, म्हणून 'पिक इट अप'.

लेथवाला:
मी उद्यमनगरात. माझा वेगळाच रोग: 'आय व्हेरी लाइक इट'. 'मला ते फार आवडतं' हे डोक्यात तसंच्या तसं असतं. धागा हायजॅक करतोय, माफी.

राजारामपुरीची_मास्तरीण:
'व्हेरी' एकटं क्रियापदाला लागत नाही. 'आय लाइक इट व्हेरी मच'. आणि 'लाइक' व 'इट' यांच्यामध्ये काही घुसवायचं नाही. 'आय लाइक व्हेरी मच इट' हेही चूकच. त्याच कारणानं 'शी स्पीक्स इंग्लिश वेल', 'शी स्पीक्स वेल इंग्लिश' नाही. क्रियापद आणि कर्म ही नवरा-बायको, मधे पाहुणा नको. (हो, आणि 'पुट इट ऑन'मध्येही 'इट' क्रियापदाला खेटूनच आहे, बघा.)

'ऑल्वेज', 'ऑफन' वगैरे कर्त्याच्या मागं, क्रियापदाच्या आधी: 'ही ऑल्वेज कम्स लेट'. 'इज', 'वॉज' असेल तर त्यांच्यानंतर: 'ही इज ऑल्वेज लेट'. याचं फार टेन्शन घेऊ नका, सवयीनं बसतं.

मिसळ_जादा_कट:
मास्तरीणबाई, चेष्टा सोडून एक विचारतो. आमच्या ऑफिसात सगळे 'आय ओन्ली टोल्ड हिम' म्हणतात, म्हणजे मीच त्याला सांगितलं. हे बरोबर आहे का?

राजारामपुरीची_मास्तरीण:
आपला 'च'! आपल्याला वाटतं 'ओन्ली' म्हणजे 'च'. बाहेरचा माणूस 'आय ओन्ली टोल्ड हिम' ऐकून 'मी फक्त सांगितलं, आणखी काही केलं नाही' असं समजेल. तुम्ही छाती पुढं काढून बोलताय, त्याला वाटतं तुम्ही हात झटकताय. 'मीच' म्हणायचं तर 'आय वॉज द वन हू टोल्ड हिम', किंवा नुसतं 'आय'वर जोर. 'कालच' म्हणजे 'यस्टर्डे ओन्ली' नाही, 'जस्ट यस्टर्डे'. आपला 'च' कुठल्याही शब्दाच्या शेपटीला लागतो: मीच, कालच, त्यालाच, सांगितलंच. इंग्रजीत तसा एकच शब्द नाही. दर वेळी वेगळी सोय बघावी लागते, बहुतेकदा आवाजानंच.

शिरोलीकर:
शुक्रवारची तयारी झाली. दाराजवळचं टेबल हलवलंय, हे पहिलं. 'पुट इट ऑन', 'टेक इट ऑफ', 'स्विच इट ऑफ' तोंडपाठ. ड्रॉइंग हातात देताना 'प्लीज लुक इट ओव्हर' म्हणायचं ठरवलंय. बरोबर ना?

राजारामपुरीची_मास्तरीण:
एकदम. 'लुक इट ओव्हर' म्हणजे नजरेखालून घाला. 'लुक ओव्हर इट' म्हणालात तर तो ड्रॉइंगच्या वरून पलीकडे बघेल.

शिरोलीकर:
म्हणजे 'परत एकदा त्यावरून जाऊ' याला 'लेट्स गो इट ओव्हर'?

राजारामपुरीची_मास्तरीण:
नाही हो दादा! 'लेट्स गो ओव्हर इट'. इथं 'ओव्हर' चिकट्या आहे. 'त्यावरून' हा शब्द तुम्ही स्वतःच लिहिलाय की.

मिसळ_जादा_कट:
टेबल परत आणून ठेव भावा, लागेल.