नुसत्या कोरडेपणानं वाळूची टेकडी होत नाही

थर वाळवंटातल्या वाळूच्या टेकड्या वाढल्या तो काळ सर्वांत कोरडा, असं एकांनी लिहिलंय. हे पूर्ण पटत नाही. वाळू हलायला वारा लागतो, आणि तिथे तो नैऋत्य मोसमी वारा. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात असताना तोच मंदावला होता. शास्त्रज्ञ अशोक सिंघवी आणि सहकाऱ्यांनी वाळूच्या कणांवर शेवटचं ऊन कधी पडलं, म्हणजे ते कधी गाडले गेले, ते मोजलं, तेव्हा बऱ्याच टेकड्यांची वाढ त्यानंतरची निघाली. वारे पुन्हा जोर धरत होते, पण झाडोरा अजून नीट रुजला नव्हता.

शिवाय टेकडीच्या पोटातल्या चुनखडीच्या थरांचा विषय कुणीच काढला नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या राजगुरू सरांनी राजस्थानातल्या डिडवाण्याच्या टेकडीत त्यांचा बारकाईनं अभ्यास केला. आमच्या माण तालुक्यात (सातारा) दहिवडीकडे विहीर खणताना तसलेच पांढरट खडे लागतात. फोडले तर आत कधी मुळाची बारीक पोकळी दिसते, लिंबू पिळलं की बुडबुडे येतात. बेताच्या पावसानं चुना विरघळतो, ऊन तापलं की खालीच साकळतो. टेकडीत असा थर म्हणजे तेव्हा वाळू थांबली होती आणि वर गवत-झुडपं धरली होती.