नांदूरमध्यमेश्वरचा गाळ सरसकट काढावा का?

गोदाकाठ_निफाड:
गोदावरी-कादवेच्या संगमावरचा हा बंधारा शंभरी ओलांडून गेलाय. डावा-उजवा दोन्ही कालवे इथूनच निघतात; निफाडपासून कोपरगाव-राहात्यापर्यंतचा ऊस, गहू, कांदा त्यांच्यावर उभा. पण साठा जेमतेम २५७ दशलक्ष घनफूट. पात्रात गाळाची बेटं झालीत. उन्हाळ्यात सगळा गाळ उपसा. वरच्या अंगाच्या चांदोरी-सायखेडा गावांचा पूरही उतरेल.

पाटपाणी:
सरसकट उपशाला विरोध. हा साठवणीचा बंधारा नाहीच, पाणी वळवायचा आहे. साठा वरच्या धरणांत: दारणा ७१४९, गंगापूर ५६३० दशलक्ष घनफूट. तिथून सोडलेलं पाणी नदीने येतं, बंधारा त्याची पातळी उचलून कालव्यात घालतो. कालव्याच्या मुखाचा उंबरठा आहे त्याच्या खाली कितीही खोदा, ते पाणी कालव्यात चढत नाही. पुराचंही तेच. पूर येतो तेव्हा खोदलेला खड्डा आधीच भरलेला असतो. तिथे उपयोग दरवाज्यांचा आणि सायखेड्याच्या पुलाला अडकणारी पानवेल वेळेत काढण्याचा.

गोदाकाठ_निफाड:
उंबरठ्याच्या वर साचलेल्या गाळाचं काय? दोन्ही कालवे मिळून ५०० क्युसेक (सेकंदाला ५०० घनफूट) धरा: दिवसाला ४३ दशलक्ष घनफूट, म्हणजे भरलेला बंधारा सहा दिवसांचा. वरून विसर्ग कमी-जास्त झाला की हाच साठा कालव्याची पातळी धरून ठेवतो. पातळी पडली की आधी टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटाकडच्या चाऱ्या कोरड्या पडतात. सात नंबरचा (पाणी मागणीचा) अर्ज भरूनही पाणी नाही, ही ओरड तिथलीच.

पाणथळ:
हे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून २०२० साली जाहीर झालं ते याच उथळ पाण्यामुळे. चिखलात चोच खुपसून खाणारे पक्षी आणि उथळ पाण्यातली बदकं, दोघांनाही खोल डोह निरुपयोगी. सगळीकडे पोकलेन फिरवलं तर अभयारण्य नावापुरतं राहील.

पाटपाणी:
टेलचा मुद्दा मान्य. म्हणून फक्त कालव्याच्या मुखासमोरची वाट मोकळी करा, स्थलांतरित पक्षी निघून गेल्यावर, एप्रिल-मेमध्ये. खरा उपाय पावसाळ्यातला: पहिल्या पुरांत गाळ सर्वांत जास्त, तेव्हा दरवाजे उघडे ठेवून तो पुढे जाऊ द्या, बंधारा भरा शेवटच्या पुरांवर.

गोदाकाठ_निफाड:
आणि शेवटचे पूर आलेच नाहीत तर? ऑगस्टनंतर पावसाने दडी मारली की रब्बीचं पहिलं आवर्तनच (कालव्याला पाणी सोडायची पाळी) अडचणीत. ही जोखीम निफाड-येवल्याने का घ्यायची? मुखासमोरची वाट मात्र यंदाच काढा. तो गाळ रानात टाकण्याआधी माती तपासून घ्या, नाशिक शहराचं सांडपाणी याच पात्रातून येतं.