गुळातली रिड्युसिंग शुगर: फेहलिंग टायट्रेशनचा एंड पॉइंट दिसत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

अंबाजोगाई भागातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवते. बारावीच्या मुलींनी प्रकल्पासाठी गूळ निवडलाय. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की त्यातली साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. या दोन्ही रिड्युसिंग शुगर, म्हणजे तांब्याच्या निळ्या द्रावणाचं क्षपण करणाऱ्या साखरा. मग ढेप नीट बसत नाही, पावसाळ्यात गुळाला पाणी सुटतं. गुऱ्हाळवाले हे नुसत्या हाताने ओळखतात. मुलींना तेच आकड्यात दाखवायचंय, ताज्या उसाचा गूळ आणि शिळ्या उसाचा गूळ घेऊन. विषय त्यांच्या घरचा आहे, म्हणून तो अर्धवट सुटू नये असं मला फार वाटतं.

बेनेडिक्ट चाचणीने (रिड्युसिंग शुगर असली की निळं द्रावण लाल होतं) भागलं नाही. साखरेचं द्रावण निळंच राहिलं, ते बरोबरच. पण गुळाचे दोन्ही नमुने विटकरी लाल झाले. आहे की नाही एवढं कळलं, किती आहे ते नाही. म्हणून रिड्युसिंग शुगर मोजायची लेन-आयनॉन टायट्रेशन पद्धत घेतली: फेहलिंग अ (तांब्याचं निळं द्रावण) आणि ब (अल्कली) प्रत्येकी ५ मिली, ब्युरेटमध्ये गुळाचं द्रावण, उकळी चालू ठेवून शेवटी मिथिलिन ब्लू या निळ्या दर्शकाचे थेंब. एवढ्या फेहलिंगला साधारण ५० मिलिग्रॅम इन्व्हर्ट शुगर (ग्लुकोज-फ्रुक्टोजचं मिश्रण) लागते, त्या हिशेबाने गुळाचं २ टक्क्यांचं द्रावण केलंय.

घोडं अडतं ते एंड पॉइंटला, म्हणजे निळा रंग जातो तो क्षण ओळखायला. गूळ काळपट, त्यात तांब्याच्या ऑक्साइडचा लाल साका, त्यामुळे निळा रंग नेमका कधी गेला ते ठरत नाही. शिळ्या उसाच्या गुळाला तर दोघींची रीडिंग जुळतच नाहीत. उकळी थांबली की हवेतल्या ऑक्सिजनने निळा रंग परत येतो हे माहीत आहे, तेवढी काळजी घेतो.

रंग काढायला पुस्तकात लेड ॲसिटेट दिलंय, पण शिसं मुलींच्या हातात द्यायची माझी तयारी नाही. त्याऐवजी ॲक्टिव्हेटेड चारकोल वापरला तर तो साखरही धरून ठेवेल का? दुसरं, आमच्याकडे बोअरचं पाणी भयंकर जड आहे. डिस्टिल्ड वॉटर कमी पडलं की गूळ त्यातच विरघळवावा लागतो. कॅल्शियममुळे रीडिंग चुकतं असं वाचलंय. मग आधी पोटॅशियम ऑक्झलेट घालून गाळून घेणं पुरेल का?

आणि गुळात सुक्रोजच (न फुटलेली साखर) जास्त, तीही गरम अल्कलीत थोडी क्षपण करते. १०० मिलीत साधारण दीड ग्रॅम सुक्रोज असताना दुरुस्ती किती धरायची?

साखर कारखान्याच्या लॅबमध्ये काम केलेलं कोणी इथे असेल तर कृपया सविस्तर लिहा. दोन्ही गूळ भरपूर शिल्लक आहेत, सुचवाल तसं करून रीडिंग इथेच टाकते.